रोजे संपल्यावरचे अकरा महिने

रमजानचा पहिला आठवडा संपला की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, महिनाभर दिवसा पाण्याचा थेंब नाही. पाच-सात किलो तरी उतरत असतील ना?" विचारणारे बहुधा नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणारे असतात, त्यामुळे खरं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही. उर्दूनं ती उसनी घ्यायला हरकत नाही.

रमजान आणि वजन यांवर जगभर बराच अभ्यास झाला आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर महिनाभरात सरासरी किलो-सव्वा किलो वजन उतरलेलं दिसतं आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत त्यातलं बहुतेक परत येतं. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात काहींचं वजन उतरतं, काहींचं चक्क वाढतं. आपल्याकडच्या दस्तरख्वानावर नजर टाकली तर कारण कळायला वेळ लागत नाही. खजूर आणि टरबुजापर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. मग कांदाभजी, समोसे, गुलाबी सरबताचे दोन ग्लास, आणि तरावीहहून आल्यावर पुन्हा "जरा" जेवण. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. मध्यम चालीनं अर्धा तास चाललं तर साधारण तेवढ्याच खर्च होतात. तळणात किती चमचे तेल पोटात जातं, याचा हिशेब इफ्तारच्या वेळी कुणी मांडत नाही. मांडूही नये, भूक लागलेली असते. तो दुपारीच मांडावा, भजी तळायची की नाही हे ठरतं तेव्हा.

पण किलोंपेक्षा मला दुसऱ्याच एका गोष्टीचं नवल वाटतं.

एरवी जो बाप "सकाळी उठवतच नाही हो" म्हणून चालायला जाणं टाळतो, तोच या महिन्यात अंधारात उठून बसतो. जिला "स्वतःकडे बघायला वेळ कुठंय" ही तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे, ती आई त्याच्याही आधी उठून चूल पेटवते. दिवसभर समोर पाणी असतं, फ्रिज असतो, पहारा कुणाचाच नसतो, तरी हात पुढे जात नाही. वजन कमी करण्यावरच्या प्रत्येक भाषणात ज्या "मोटिव्हेशन"चा इतका जप होतो, ते इथं कुणी शोधत बसलेलं नसतं. सहेरीला उठताना "आज उत्साह वाटतोय का?" असं कुणी कुणाला विचारत नाही. श्रद्धा हे त्यामागचं मूळ आहेच, ते मी नाकारत नाही. पण श्रद्धा तर बाराही महिने असते. मग ही शिस्त एकाच महिन्यात का दिसते?

याचं अर्धं उत्तर फ्रिजवर चिकटवलेल्या त्या वेळापत्रकात आहे. कुठल्या तरी किराणा दुकानाची किंवा मोबाईल शॉपीची जाहिरात असलेला तो कागद घरात आला की खाण्याची वेळ ठरवायचं काम माणसाकडून निघून जातं. ती मिनिटासकट छापलेली असते. आणि ती एकट्यासाठी नसते. घर उठतं, गल्ली उठते, मशिदीच्या भोंग्यावरून वेळ सांगितली जाते. सगळं घर एका घड्याळावर चालत असताना एकट्यानं मोडता घालणं हेच अवघड होऊन बसतं. शिवाय रोज नव्यानं नियत करायची असते, तीही फक्त त्या दिवसाच्या रोज्याची. कालचा सुटला असेल तर तो नंतर भरून काढायचा, पण त्यापायी आजचा सोडायचा नाही. वजन उतरवायला निघालेली माणसं नेमकी इथंच घसरतात. लग्नात जिलेबी खाल्ली, म्हणजे या महिन्याचं गणित बुडालं, आता पहिल्या तारखेपासून बघू!

मराठवाड्यानं अशा घड्याळाचा एक मोठा प्रयोग जवळून पाहिला आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका, गोड टाळा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, एवढंच ते सांगत होते. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि आपल्या मातीतलं खा म्हणत होत्या. "दीक्षित की दिवेकर" हा वाद तेव्हा लग्नाच्या पंगतीतही रंगायचा. तज्ज्ञांचे आक्षेप दोन्ही बाजूंवर होते आणि आहेत. माझं निरीक्षण साधं आहे. या दोन्ही वाटांवर जी माणसं टिकली, त्यांच्या घरात बहुतेकदा दुसरंही कुणी त्याच वाटेवर होतं. नवरा दीक्षितांचा आणि बायको रोज संध्याकाळी पोहे करणारी, अशा घरात आठवडाभरात दीक्षित हरले.

कागदावर पाहिलं तर रोजा आणि हे "दोन वेळा जेवण" जुळी भावंडं वाटतात. फरक पडतो तो त्या दोन जेवणांत काय येतं आणि मधल्या रात्री झोप किती होते, यामुळे. रात्री एकला झोपून चारला उठणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ जास्त लागते, हे कुणाही आईला सांगावं लागत नाही. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, अशा अर्थाची शिकवण हदीसमध्ये आहे. वाग्भटानं अष्टांगहृदयात चार भाग केले: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक मोकळा. भागांच्या संख्येवर वाद घालायचा तर घाला, पण काही जागा रिकामी ठेवावी यावर दोघांचंही एकमत आहे.

इतका खटाटोप कशासाठी, असं बारीक दिसणारे वाचक म्हणतील. त्यांच्यासाठीच पुण्याची एक गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच होता: 22.3. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणजे आपण भारतीय काट्यावर सडपातळ आणि आतून लठ्ठ असू शकतो. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही महत्त्वाचा. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली की सावध व्हायचं. मोजायचं ते पोट आत न ओढता. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली आले: 10.1 कोटी लोकांना मधुमेह, 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर, आणि 39.5 टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा.

आपल्या जवळा बाजारसारख्या गावात या आकड्याला आणखी एक बाजू असते. चाळिशीत साखर निघाली की प्रत्येक मोठ्या तपासणीला परभणी किंवा नांदेड गाठायचं. दिवसाची मजुरी किंवा दुकान बुडतं. आणि नेमक्या त्याच वर्षांत मुलं दहावी-बारावीला आलेली असतात. क्लासची फी आणि औषधांचं बिल एकाच पाकिटातून जातं. मग गोळ्या "एक दिवसाआड" होतात. हे मी खूप घरांत पाहिलं आहे, सगळ्या धर्मांच्या.

आता आयांविषयी, कारण "वजन कमी करा" हे त्यांना सगळेच सांगतात आणि वाट कुणी दाखवत नाही. मुलांच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, वाटीतला दोन घास भात, टिफिनमध्ये परत आलेला पराठा, हे कुणाच्या पोटात जातं? अन्न टाकायचं नाही, हा संस्कार दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे आईचं खरं जेवण कधी मोजलंच जात नाही. ती तिघांचं उरलेलं खाते आणि वर "मी तर काहीच खात नाही" म्हणते. तिचंही खरंच असतं, कारण ताट वाढून घेऊन बसणं तिला माहीतच नसतं. मला यावर एकच उपाय दिसतो: मुलांना पहिल्यांदा कमी वाढायचं आणि मागितलं तर पुन्हा द्यायचं. उरलंच तर ते डब्यात झाकून ठेवायचं. आईचं पोट म्हणजे शिळ्याचा डबा नव्हे.

राहिला चालण्याचा प्रश्न. औंढा-परभणी रस्त्यावर उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या कडेनं कोणती बाई चालायला जाईल? त्यात बुरखा असेल किंवा डोक्यावर पदर, बघणाऱ्यांच्या नजरा त्याच. शाळेचं मैदान सकाळी तासभर बायकांसाठी मोकळं मिळालं, तर बरंच काही होईल. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर याला फार पैसा लागत नाही. चार-पाच जणी मिळून निघाल्या तर एकीला कंटाळा आला तरी बाकीच्या तिला ओढून नेतात. पुरुषांना तर कारणच नाही. तीनशे पावलांवरच्या मशिदीला दुचाकीवर जाऊन येऊन "तरावीहमध्ये व्यायाम होतो" म्हणणाऱ्यांनी निदान गाडी घरी ठेवावी. शेगावची पालखी पंढरपूरला पायी जाते आणि आपण कोपऱ्यावरून दूध आणायला किल्ली शोधतो.

घड्याळ उरलेल्या अकरा महिन्यांत कसं न्यायचं, याचं उदाहरण शोधायलाही लांब जावं लागत नाही. आपल्याकडची कित्येक जैन घरं वर्षभर सूर्यास्ताआधी जेवण उरकतात. रमजानमध्ये आम्ही मगरिबला पहिला घास घेतो. ईदनंतर तेच रात्रीचं मुख्य जेवण मगरिबच्या सुमारास ठेवलं आणि नंतर स्वयंपाकघराचा दिवा बंद केला, तर निम्मं काम झालं. त्यासाठी एक कागद पुन्हा फ्रिजवर लावावा. त्यावर जेवणाच्या दोन-तीन वेळा, चालायची वेळ, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांच्या कमरेचा आकडा. मुलांना हा कागद लिहायला द्यावा. बाप चुकला की मुलं ज्या आनंदानं बोट दाखवतात, तेवढा कडक पहारेकरी पगार देऊनही मिळणार नाही. ज्यांना नफिल रोजे ठेवायचे असतात, ते शव्वालचे सहा आणि नंतर सोमवार-गुरुवारचे ठेवतातच. मात्र ते वजनासाठी म्हणून ठेवू नयेत, त्यांची नियत वेगळी आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहानं सांगायला हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजाही धरू नये आणि कुठलाही उपवासही. साखर अचानक खाली गेली तर जिवावर बेततं. आजारी माणसाला धर्मानंच सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

आणि ईद आलीच आहे. दहा घरी जायचं, दहा घरी शीरखुर्मा, आणि "इतनासाच है, खाओ ना" या आग्रहापुढे भल्याभल्यांचा टेप लांबतो. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण वाटी कोणती काढायची हे तर यजमानाच्या हातात असतं ना? यंदा आमच्या घरी शीरखुर्मा चटणीच्या छोट्या वाट्यांमधून मिळेल. स्टाफरूमच्या मंडळींनी आणि शेजाऱ्यांनी राग मानू नये. ज्यांना दुसरी वाटी हवी असेल, त्यांनी घरून चालत यावं.