काळ्या पडद्यावर हृदयाचा ठोका

माऊस बाजूला ठेवून नुसत्या टाईप केलेल्या आज्ञांनी संगणकावर काम करावयाचे म्हटले की आपले विद्यार्थी बिचकतात. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, ना चित्र ना बटण. आपल्या ज्या सभासदांनी पूर्वी कचेरीत डॉसवर काम केले आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. याच पडद्यावर आज हृदयाच्या एका पेशीचा ठोका गणिताने चालवून पाहता येतो, आणि त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पेशीविषयी. हृदयाच्या जवनिकेतील पेशी विश्रांतीत असताना तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ८५ मिलिव्होल्ट ऋण असते. विजेचा इशारा मिळताच पेशीपटलातील सोडियमची दारे उघडतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत आतली बाजू धन होते. मग कॅल्शियम आत येत राहते, पोटॅशियम बाहेर जात राहते, आणि सुमारे ०.३ सेकंदात पेशी पूर्वपदावर येते. या प्रत्येक दाराचे उघडणे-मिटणे समीकरणात मांडता येते. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ साली स्क्विडच्या, म्हणजे आपल्या कोकणातील माकुलाच्या, मज्जातंतूसाठी ही समीकरणे मांडली. त्या वेळी केंब्रिजचा संगणक बंद असल्याने हक्सली यांनी ती हाताने फिरवावयाच्या गणकयंत्रावर सोडविली.

हृदयासाठी हेच काम डेनिस नोबल यांनी केले. लंडनमधील एका शिंपी दांपत्याचा हा मुलगा. शरीरक्रियाशास्त्राचे संशोधन करताना गणित कमी पडते असे दिसल्यावर ते अभियांत्रिकीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसू लागले. लंडन विद्यापीठाच्या ‘मर्क्युरी’ संगणकावर त्यांना वेळ मिळाला तो पहाटे दोन ते चार. नवख्या विद्यार्थ्याला दिवसा कोण संगणक देणार? त्या दोन तासांतून १९६० साली हृदयपेशीचे पहिले गणिती प्रतिमान प्रसिद्ध झाले व १९६२ साली त्याचा सविस्तर निबंध. त्यात बदलत्या राशी अवघ्या चार होत्या. योराम रुडी यांच्या गटाने २०११ साली मानवी पेशीचे जे प्रतिमान प्रसिद्ध केले त्यात त्या ४१ आहेत, आणि त्यामागे शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांवरील मोजमापे आहेत.

येथेच खरी अडचण सुरू होते. एवढी समीकरणे छापताना एखादे वजाचे चिन्ह गळते, एखादे एकक चुकते. चुकीच्या समीकरणातूनही आलेख मात्र देखणा येतो, हे फार फसवे आहे! केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपणास ठाऊकच आहे. ग्रंथात आहे एवढ्यावरून मानू नये, ही दृष्टी या कामात अक्षरशः उपयोगी पडते. म्हणून न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाने ‘सेल-एमएल’ ही लेखनपद्धती पुढे आणली. तीत प्रतिमान संगणकाला थेट वाचता येईल अशा फायलीत लिहिले जाते, आणि अशा अनेक फायली कोणासही मोफत उतरवून घेता येतात.

या फायलींवर काम करणारे एक साधन म्हणजे ‘मायोकिट’. मायकेल क्लेर्क्स व सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. पायथॉन भाषा व सी भाषेचा कंपायलर असलेल्या साध्या संगणकावर ते चालते. ‘मायोकिट’ या शब्दापुढे ‘इम्पोर्ट’ लिहिले की सेल-एमएल फाईल त्याच्या स्वतःच्या रूपात येते. या नव्या फायलीचे तीन भाग असतात: प्रतिमान, विजेचे धक्के केव्हा द्यावयाचे त्याचे वेळापत्रक, आणि करावयाच्या कामाची लेखी सूचना. ‘रन’ म्हटले की ती सूचना अमलात येते. मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘स्टेप’ ही आज्ञा. ती एका क्षणी प्रत्येक राशी किती वेगाने बदलते आहे ते आकड्यांत दाखविते. ते मूळ लेखकाच्या आकड्यांशी ताडले की चूक नेमकी कोठे ते कळते. ‘ओपनकार्प’ या दुसऱ्या संचातील ‘बेंच’ हे साधनही एकाच पेशीसाठी असून, त्यात पोटॅशियमचा प्रवाह निम्मा करावयाचा तर आज्ञेतच तसे लिहिता येते.

प्रवाह निम्मा कशासाठी करावयाचा? काही औषधे नेमके हेच करतात. टर्फेनाडीन हे ॲलर्जीवरचे औषध पोटॅशियमचे एक दार अडविते. पेशी पूर्वपदावर येण्यास विलंब होतो आणि क्वचित रुग्णाच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडते. अमेरिकेतून ते १९९८ साली मागे घेतले गेले. पोटाच्या विकारावरील सिसाप्राईडचा धोका तोच. भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. ही औषधे सर्रास दिली जात होती, आपल्या घरांतही आली असतील. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी असा धोका ओळखण्यासाठी २०१३ सालापासून अमेरिकेच्या पुढाकाराने जी योजना आखली गेली, तिच्यात मानवी पेशीच्या संगणकीय प्रतिमानास स्थान मिळाले आहे. अर्थात प्रयोगशाळेतील मोजमापाशिवाय त्यास अर्थ नाही.

ज्यांना हात घालावयाचा आहे त्यांनी चार राशींच्या नोबल प्रतिमानापासून सुरुवात करावी. मोठे प्रतिमान घेतल्यास पहिल्या ठोक्यावर विश्वास ठेवू नये; सेकंदास एक या गतीने हजारभर ठोके चालू द्यावेत, मगच आलेख पाहावा. टाईप केलेली प्रत्येक आज्ञा वहीत उतरवावी व ती वही आणि फाईल मित्राकडे द्यावी. त्याचा आलेख आपल्याशी जुळला नाही तर दोघांच्या फायलींवर ‘कम्पेअर’ ही आज्ञा चालवावी. फरक बहुधा एखाद्या आकड्यातच सापडतो.