छाप बदलावी, ओळख राखावी

कापडाच्या घडीवरील लहानशी छाप सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. पण ती बदलली म्हणजे तिचें मोल ध्यानांत येतें.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा सोलापुरास टॉवेल विणण्याचा कारखाना आहे. त्याच्या वडिलांनीं तो चार मागांवर आरंभिला. त्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून मालावर त्यांनीं दीपमाळेचें चित्र छापविलें. मागें देऊळ, बाजूस तळें, वर सूर्यकिरणें, भोंवतीं वेलबुट्टी, असा त्याचा थाट. गतवर्षीं ही छाप मुलास जुनाट वाटूं लागली. त्यानें वर्तुळांत दोन इंग्रजी अक्षरें, अशी नवी करविली. ती सुबक होती खरी, परंतु एका जुन्या व्यापाऱ्यानें गठ्ठा परत पाठविला आणि निरोप दिला, "हा माल तुमचा नव्हे." तेव्हां तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, एखादें भारदस्त संस्कृत नांव तरी सुचवा."

नांवाची उणीव नव्हतीच. भारतीय युद्धांत धुळीच्या लोटांतून तोंडें दिसत नसत. कपिध्वज दिसला कीं अर्जुन, तालध्वज दिसला कीं भीष्म, हें सैन्य जाणत असे. बाजाराचेंही तसेंच आहे. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरचे गिरणीवाले हिंदुस्थानांत धाडावयाच्या कापडावर देवदेवतांचीं व हत्तीघोड्यांचीं रंगीत तिकिटें चिकटवीत, तीं वाचतां न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठींच. छाप धन्याची असते, पण ओळख गिऱ्हाइकाची असते.

मग जुनी छाप तशीच ठेवावी काय? तसेंही नव्हे. जेकार्ड मागावर चित्र विणावयाचें तर तें आधीं चौकटींच्या कागदावर उतरावें लागतें. तेथें प्रत्येक वळणाची पायरी होते. टॉवेलाच्या पृष्ठावर सुताचे फांस उभे असतात, त्यांत बारीक रेषा बुडून जाते. शिवाय आज तीच छाप मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढी दिसावयाची. १९६४ साली निघालेलें वूलमार्क हें लोकरीचें चिन्ह केवळ काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें आहे. अक्षर नसतांही तें लोकरीच्या गुंडीची आठवण देतें.

आम्हीं विद्यार्थ्यास व्याकरणांतला दृष्टान्त दिला. प्रत्यय बदलतात, धातु राहतो. त्याच्या छापेंत देऊळ, तळें, वेलबुट्टी हे प्रत्यय. दीपमाळ हा धातु. कायद्याचा रोखही हाच आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणें नोंदलेल्या चिन्हांत फेरफार करतां येतो, पण त्याची ओळख मूलतः पालटतां येत नाहीं. तशी पालटली तर निराळी नोंदणी करणें प्राप्त होतें.

चित्रकारही समंजस निघाला. त्यानें वर निमुळत्या होत जाणाऱ्या पांच जाड पायऱ्या व त्यांवर एक ज्योत, एवढेंच ठेविलें. पायऱ्यांची आकृति असल्यामुळें ती मागावर बिनतक्रार उतरली. वर्षभर जुनें तिकीट नव्याच्या शेजारीं लावावें, ही सूचना मात्र आमची.

पहिला टॉवेल वडिलांच्या हातीं दिला. त्यांस आतां फारसें दिसत नाहीं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवून ते म्हणाले, "दीपमाळच आहे." मुलानें मान खालीं घातली.

नवें करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वडिलांनीं जोडलेला विश्वास कोणत्या रेषेंत सांठला आहे, एवढें पाहून मगच रबर हातीं घ्यावें.