राणीच्या बागेत कसली ही घाई?

पुस्तकात कसं नीट लिहिलेलं असतं: शिशिरात पानं गळतात, मग वसंत येतो आणि नवी पालवी फुटते. आता होळी आणि गुढीपाडव्याच्या मधल्या एखाद्या रविवारी मुंबईत मान वर करून बघा. एका झाडाची पानं भराभर गळतायत. शेजारच्याला तांबूस पालवी आलीय. तिसऱ्यावर एकही पान नाही, पण फुलांनी फांद्या लगडल्यात. चौथं तर उघडंबोडकं ढिम्म उभं आहे, जूनपर्यंत त्याला कसली म्हणून फिकीर नाही!

गंमत पुढेच आहे. हे सगळं चालतं ते वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. मार्चमध्ये वरची माती फुफाटा झालेली, ऊन मी मी म्हणतंय, आणि झाडं मात्र फुलं काय काढतायत, पालवी काय फोडतायत! पाणी नसताना एवढा खर्च? पावसाळ्यात आरामात नाही का करता येत?

लालबागच्या मुक्ताला नेमका हाच प्रश्न पडला. ती आहे सहावीत. तिची आई शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उत्तर लगेच मिळायला हवं होतं. पण आई म्हणाली, "उत्तर बघायला जाऊया. राणीच्या बागेत."

"पेंग्विन!" धाकटा ओजस ओरडला. त्याच्या लेखी राणीची बाग म्हणजे पेंग्विन, बाकी सगळी वाट.

आजी, आई, बाबा आणि ही दोघं अशी वरात चिंचपोकळी ओलांडून आंबेडकर रोडने भायखळ्याला पोचली.

आधी झाडं, मग वाघ

राणीच्या बागेचं खरं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांसाठी खुली झाली. तिचं मूळ काम प्राणी दाखवणं नव्हतंच. ती होती वनस्पतींची बाग, देशोदेशीची झाडं आणून ती इथे जगतात का, हे बघण्याची जागा. प्राणी नंतर आले. आज इथे तीन हजारांवर झाडं आहेत. त्यांतली काही सह्याद्रीतली, काही थेट आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि म्यानमारकडची.

"म्हणजे पेंग्विनसारखीच पाहुणी," बाबा म्हणाले. हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. त्यांना काचेआड थंडगार खोली लागते. परदेशी झाडांना मात्र कुणी एसी लावून दिलेला नाही. इथलं ऊन, इथला पाऊस यांच्याशी त्यांनी आपापलं जमवून घेतलंय.

पान एक नाही, फुलं शेकडो

पहिली भेट झाली काटेसावरीशी. खोडावर जाड काटे, फांद्यांवर पान औषधालाही नाही, आणि मुठीएवढी लालभडक, मांसल फुलं. खाली फुलांचा सडा. ओजसने एक पडलेलं फूल उचललं तर ते चांगलंच जड निघालं.

"पानं कुठे गेली?" मुक्ताने विचारलं.

पानांवर अगदी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते, पण पाण्याची वाफही बाहेर जाते. जमिनीतून पाणी पुरेसं मिळत नसेल, तर एवढी पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही. मग झाड आधी पानांतली उपयोगी द्रव्यं खोडात, फांद्यांत काढून घेतं. त्यानंतर देठाच्या बुंध्याशी पेशींचा एक कच्चा थर तयार होतो. तिथूनच पान सुटतं. पान गळणं म्हणजे झाड आजारी पडणं नव्हे, तो बचतीचा उपाय आहे.

पानं गेल्यावर वाचलेलं पाणी फुलांच्या कामी येतं. शिवाय आणखी एक फायदा होतो. पानांची आडकाठी नसल्यामुळे लाल फुलं लांबूनही दिसतात. कुणाला? पक्ष्यांना! पक्ष्यांना लाल रंग छान दिसतो. म्हणून सावरीने वासावर फारशी भिस्त ठेवलेली नाही. तिने ठेवलाय मध, तोही भरपूर आणि पातळ. साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर, इतकंच काय खारीसुद्धा तिथे चोच नाहीतर तोंड घालून जातात. जाताना त्यांच्या तोंडाला परागकण लागतात आणि पुढच्या झाडावर पोचतात.

या गर्दीत एखादा गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर नीट बघा. ती भोरडी, म्हणजेच पळसमैना. हिवाळ्यात ती मध्य आशियाकडून आपल्याकडे येते आणि साधारण एप्रिलमध्ये परत जाते. जाण्याआधी सावर, पळस आणि पांगाऱ्याच्या मधावर ताव मारून घेते.

आजी इतका वेळ खोडाकडे बघत होती. ती म्हणाली, "आमच्या सावंतवाडीला याच्याच कापसाच्या उशा असायच्या. बोंडं फुटायची ती मात्र उन्हाळ्याच्या शेवटाला. पाऊस यायच्या आत कापूस गोळा करायची कोण घाई!"

"आई, तुम्ही तर उत्तरच देऊन टाकलंत," मुक्ताची आई हसून म्हणाली.

बघा हं. फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये. बोंडं एप्रिल-मेमध्ये पिकून फुटणार. त्यांतला कापूस बिया घेऊन कोरड्या वाऱ्यावर उडणार, कारण कापूस भिजला की उडणं संपलं! बिया जमिनीवर टेकल्या की थोड्याच दिवसांत पहिला पाऊस. कोवळ्या रोपाला मुळं खोलवर धाडायला सबंध पावसाळा मिळतो. आता समजा, सावरीने आळस केला आणि फुलं जूनमध्ये काढली, तर? बी पडेल पावसाळा संपता संपता. रोप जेमतेम दोन पानांचं होईस्तोवर माती सुकायला लागेल. म्हणजे मार्चमधलं हे फुलणं ही जूनची तयारी आहे. पळस, पांगारा यांचंही गणित असंच.

लाल पालवी, लुळी पालवी

पुढे होता सीताअशोक. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उंच लावतात तो अशोक नव्हे बरं का, हा खरा अशोक. त्याच्या फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ होते. या फुलांना पाकळ्याच नसतात! आपण ज्यांना पाकळ्या समजतो, तो त्यांचा रंगीत निदलपुंज. फूल उमलतं तेव्हा पिवळसर-केशरी असतं, जुनं होत जातं तसं लाल.

पण मुक्ताचं लक्ष पानांकडे होतं. नवी पानं तांब्याच्या रंगाची आणि पार लुळी. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती फांदीवरून सरळ खाली लोंबत होती.

"यांना पाणी घाला कुणीतरी," ओजस म्हणाला.

ती सुकलेली नव्हती. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, आणि पान ताठ ठेवणाऱ्या पेशीही पक्क्या झालेल्या नसतात. अशा पानावर मार्चचं ऊन थेट पडलं तर त्याचं नुकसान होईल. म्हणून दोन बंदोबस्त. एक, पान उभं लोंबतं, त्यामुळे दुपारच्या डोक्यावरच्या उन्हाला ते आडवं जात नाही. दुसरा, लाल रंग. तो येतो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य जादा प्रकाश अडवून घेतं. काही शास्त्रज्ञांना असंही वाटतं, की पानं खाणाऱ्या किड्यांना ही लाल पानं तितकीशी आवडत नाहीत. पान मोठं झालं, की ते हिरवं होतं आणि ताठही.

हीच युक्ती करणारं आणखी एक झाड या बागेत आहे, उर्वशी. मूळची म्यानमारची. तिची फुलं हातभर लांब, खाली लोंबणाऱ्या घोसांत येतात. रंग लाल, टोकाला पिवळा ठिपका. झाडांच्या अभ्यासकांना राणीच्या बागेत या दिवसांत हटकून ओढून आणणारं झाड हेच. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांनी एकोणिसाव्या शतकात तिला शास्त्रीय नाव दिलं. उर्वशी बी मात्र फार क्वचित धरते, म्हणून ती सहसा कुठे दिसत नाही.

तांबूस पालवी बघायला बागेतच जायला हवं असं मात्र नाही. गिरगावातल्या जुन्या भिंतीतून उगवलेला पिंपळही या दिवसांत तसाच चकाकतो.

फूल फांदीला नाही, खोडाला

"अगंबाई, कैलासपती!" आजीने हात जोडले.

या झाडाची फुलं चक्क खोडातून फुटलेल्या देठांवर येतात. मोठी, गुलाबी-पिवळी, घमघमीत. फुलाच्या मधोमध एक उंचवटा आणि त्यावर फणा धरावा तसा पुंकेसरांचा झुपका. शंकराची पिंडी आणि नाग बघायला आजीसारखी कितीतरी माणसं इथे थांबतात. झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं!

त्या फण्यात एक लबाडी आहे. या फुलात मध नसतो. मग भुंगे येतात कशाला? परागकण खायला. फुलात पुंकेसर दोन जागी असतात. फण्यावरच्यांचे पराग हे नुसतं खाणं, त्यांतून बी धरत नाही. खालच्या कड्यातले पराग मात्र अस्सल. भुंगा फण्यातलं खायला आत घुसतो, तेव्हा त्याची पाठ खालच्या कड्याला घासते आणि खरे पराग पाठीवर चिकटतात. खायचे पराग पोटात, कामाचे पराग पाठीवर!

आणि खोडावरच फुलं का? त्याच्या फळाकडे बघा, म्हणजे कळेल. तोफेच्या गोळ्याएवढं, टणक आणि वजनदार. बारीक डहाळीला ते कुठलं पेलायला! फळ पडून फुटलं की आतल्या गराला असा दर्प येतो, की ओजस नाक धरून पेंग्विनची दिशा विचारू लागला.

झाडांना कळतं कसं?

"पण पाऊस येणार हे त्यांना कोण सांगतं?" मुक्ता म्हणाली. "मोबाइल तर नाही त्यांच्याकडे."

हा प्रश्न मोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला. पावसाळी प्रदेशातल्या कितीतरी झाडांना पाऊस पडायच्या कितीतरी आधी, ऐन कोरड्या दिवसांत पालवी फुटते. हे कोडं स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्चर्ट यांनी २००६ मध्ये एका निबंधात मांडलं. त्यांचं अनुमान असं, की ही झाडं आभाळाकडे ढगांसाठी बघत नाहीत, ती दिवसाची लांबी मोजतात. मुंबईत डिसेंबरअखेरीस दिवस असतो साधारण ११ तासांचा, आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. मार्चच्या २०-२१ तारखेला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि त्यानंतर दिवस रात्रीपेक्षा मोठा होत जातो. पाऊस एखाद्या वर्षी लवकर येईल, एखाद्या वर्षी उशिरा. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी ठरल्या तारखेला तेवढीच असते. भरवशाची खूण म्हणावी तर हीच. पाणी मिळतं ते खोल गेलेल्या मुळांना, आणि पानगळीत वाचवलेल्या साठ्यातून.

पालवी आधीच तयार असली, की पहिल्या सरीपासून पानं अन्न बनवायला लागतात. जे झाड पावसाची वाट बघत बसेल, त्याचे सुरुवातीचे मौल्यवान आठवडे फुकट जातील.

"मग हे एवढं मोठं का झोपलंय?" ओजसने विचारलं. समोर होती गोरखचिंच. फुगलेलं प्रचंड खोड, वर आखूड फांद्या, पान नावाला नाही. ही मूळची आफ्रिकेची. तिथे हजार वर्षांहून जुन्या गोरखचिंचा आहेत. तिच्या मऊसर खोडात भरपूर पाणी साठलेलं असतं. तरी ती मार्चमध्ये शांत आहे. तिची लगबग पावसाच्या अगदी तोंडावर सुरू होते. शास्त्रज्ञांनी मोजून बघितलंय, की खोडातलं पाणी ती नवी पानं फोडायला वापरते. मग मोठी पांढरी फुलं येतात. ती संध्याकाळी उमलतात, कारण त्यांचे पाहुणे असतात वटवाघळं. सावरीचे पाहुणे दिवसा हिंडणारे, तेव्हा रंग लाल. गोरखचिंचेचे रात्री हिंडणारे, अंधारात लाल रंग काय कामाचा? तिथे पांढराच हवा.

आता तुमची पाळी

राणीच्या बागेत जाल तेव्हा बुधवार सोडून जा, त्या दिवशी बाग बंद असते. फुलं तोडायची नाहीत. पडलेलं फूल उचलून त्याचे भाग मात्र खुशाल सुटे करून बघा.

बागेत जायला जमलं नाही तरी बिघडत नाही. शाळेच्या वाटेवरचं एक झाड निवडा. परळचा पिंपळ चालेल, दादरचा आंबा चालेल, कोपऱ्यावरचा बहावा तर फारच छान. वहीत दर आठवड्याला त्याच एका झाडाबद्दल लिहा:

• जुनी पानं किती? सगळी, अर्धी की एकही नाही?
• पालवी आली का? रंग कुठला?
• कळ्या, फुलं, फळं?
• फुलांवर कोण आलं? पक्षी, माश्या, भुंगे, मुंग्या? सकाळी की संध्याकाळी?

'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातली मुलं आणि शाळा अशाच साप्ताहिक नोंदी करतात. त्यातून कुठलं झाड कधी फुलतं आणि त्याचं वेळापत्रक बदलतंय का, हे शास्त्रज्ञांना कळतं.

मुक्ताने वहीला सुरुवात केलीय. तिने निवडलंय ताम्हण, आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये ते जांभळ्या फुलांनी भरेल. ओजसला पेंग्विनच्या नोंदी करायच्या होत्या. त्यांना पालवी फुटत नाही, असं कळल्यावर त्याने पिंपळ घेतला.