सहाशे अंशांचा रंग पेट्रोलने का पुसला जातो?

पुण्याच्या नाना पेठेत, किंवा कुठल्याही गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात, ‘इंजिनाला मारायला हीटप्रूफ काळा द्या’ म्हटलं की समोर स्प्रेचा डबा येतो. त्यावर ६०० किंवा ६५० अंश सेल्सिअस असा आकडा ठळक छापलेला असतो. इंजिन काही एवढं तापत नाही, म्हणजे रंग हलायचा नाही, असा गिऱ्हाइकाचा हिशेब. मग एक दिवस कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल इंजिनाच्या चेंबरवर ओघळतं आणि पुसायला घेतलेल्या फडक्यावर काळं उतरतं. शिव्या बसतात ‘डुप्लिकेट माला’ला. माल बहुतेकदा अस्सलच असतो. रंगाची जागा चुकलेली असते.

एवढ्या उष्णतेला टिकणारे रंग सिलिकोन रेझिनचे असतात. हवेवर ते वाळतात म्हणजे त्यांच्यातला थिनर उडून जातो, इतकंच. रेझिन खरं घट्ट होतं ते साधारण २०० अंशांच्या आसपास काही वेळ तापल्यावर. तोवर हा रंग न भाजलेल्या मडक्यासारखा असतो, दिसायला पक्का आणि ओल लागली की गेला. एक्झॉस्टचा बेंड पाइप ही भट्टी स्वतःच पुरवतो; हेडमधून निघतो तिथे तो जोरात चालवलेल्या गाडीत ४०० अंशांच्याही पुढे जातो. हेड त्या मानाने थंड, एक्झॉस्टच्या तोंडाशी दोनशेच्या आसपास. ब्लॉक त्याहून कमी. आणि चेंबर, म्हणजे क्रँककेस, आतल्या ऑइलबरोबर राहतो, शंभर-सव्वाशेच्या घरात. तिथे ६०० अंशांचा रंग जन्मभर कच्चाच राहतो. डब्यावरचा आकडा हा रंग किती सोसेल ते सांगतो. त्याला पिकायला किती उष्णता लागेल ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही.

ब्लॉक आणि चेंबरसाठी इंजिन इनॅमल नावाचा वेगळा प्रकार मिळतो. त्याचा आकडा लहान, २५० ते ३०० अंश. पण तो कमी उष्णतेत कडक होतो आणि पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही. हाच इनॅमल बेंड पाइपला मारलात तर जळून पोपडे निघतील.

इंजिन फ्रेमवरच असेल तर रंग पिकवायला गाडी स्टँडला लावून अर्धा तास चालू ठेवायची, हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. एअरकूल्ड इंजिनासाठी तो वाईट आहे. वारा नसल्याने हेड नको तितकं तापतं आणि चेंबर मात्र हवा तसा भाजला जात नाही. छोट्या फेऱ्या मारा, मध्ये पूर्ण थंड होऊ द्या. नव्या रंगाच्या बेंड पाइपमधून सुरुवातीला धूर येतो, त्याला घाबरायचं कारण नाही, पण ते काम बंद पार्किंगमध्ये करू नये. सुटे भाग ओव्हनमध्ये भाजणार असाल, तर तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

दुसरा पक्का समज: काळ्या रंगाने इंजिन जास्त तापतं. १९४८ मध्ये ब्रिटनच्या व्हिन्सेंट कंपनीने ‘ब्लॅक शॅडो’ काढली, तिचं अख्खं इंजिन काळ्या इनॅमलने भाजलेलं होतं. आणि ती त्या काळी बाजारात मिळणारी सर्वांत वेगवान मोटारसायकल, ताशी २०० किलोमीटरच्या घरातली. उन्हाचा हिशेब केला तरी इंजिनावर पडतं ते ऊन शे-दोनशे वॅटचं. धावतं इंजिन फिन्समधून काही हजार वॅट बाहेर टाकत असतं. उलट चकचकीत उघडं अॅल्युमिनियम उष्णता फेकण्यात मंद असतं. रंगवलेला पृष्ठभाग जेवढी उष्णता किरणांनी सोडतो, तिचा दहावा हिस्साही ते जेमतेम सोडतं. यात काळ्याचं विशेष काही नाही. डोळ्यांना दिसणारा रंग आणि उष्णतेच्या किरणांचा ‘रंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे पांढरा रंगही जवळपास तेवढंच काम करतो. म्हणून काळा मारला की इंजिन थंड राहतं असा उलटा प्रचारही करू नये, कारण चालत्या गाडीची बहुतेक उष्णता वारा नेतो.

रंगाचा थर अडवतो किती? पन्नास मायक्रॉनचा थर धरला, तर फिनवरून वाऱ्याकडे जाताना उष्णतेला जो अडथळा होतो त्यात त्याने जेमतेम एक टक्का भर पडते. फिन्समध्ये साचलेला ऑइल-मातीचा लगदा आणि ‘अजून एक हात’ करत चढवलेले पाच-सहा थर मात्र खरंच नडतात. ते कुणाला दिसत नाहीत, दिसतो फक्त काळा रंग.

पावडर कोटिंग कव्हरांना छान. नेहमीची पॉलिस्टर पावडर १८०-२०० अंशांवर भाजतात, त्यामुळे बेंड पाइपवर तिचा निभाव लागत नाही. त्याआधीचं सँड ब्लास्टिंग अधिक धोक्याचं आहे. ऑइलच्या वाटेत अडकलेली वाळू नंतर बेअरिंग खाते. नुसत्या दिसण्यापायी चालू इंजिन त्यासाठी उघडावं, असं मला वाटत नाही.

प्राइमरवर लोकांचा फार विश्वास. नेहमीचा बॉडीचा प्राइमर सायलेन्सरच्या रंगाखाली आधी जळतो आणि वरचा थर घेऊन खाली येतो. चेंबरवर बहुतेकदा दगा देतं ते ऑइल. ओतीव अॅल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं, गरम झालं की वर येतं. थिनरने पुसा, पॉलिश पेपर मारा, पुन्हा पुसा, मग हात लावू नका. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा ब्लॉक घासला की त्याच दिवशी रंगवा. पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी गंज.

टेप कुठे लावायची हेही रंगाइतकंच महत्त्वाचं. गॅस्केटची बैठक, अर्थिंगच्या वायरची जागा आणि नट-वॉशर बसतात ती कड कोरीच ठेवा. वॉशरखालचा रंग गरम होऊन दबतो आणि नट ढिला पडतो. इंजिन नंबरवर पेपर तर अजिबात मारू नका. ठोकलेले आकडे जाड रंगाने बुजले, तर गाडी नावावर करताना आरसीवरचा नंबर जुळवून दाखवणं तुमच्याच गळ्यात येतं.