चोपन्न जोड्यांची ओढ, एका जोडीचा दम

शनिवारी काष्टीच्या बाजारात बैलजोडी घेणारा माणूस दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवूनही बघतो. तो नेमकं काय मोजत असतो? चारचारशे किलोचे दोन बैल वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ८० किलोंची ओढ दिवसभर देऊ शकतात. चाल मिनिटाला ५४ मीटर. हिशोब केला तर ताकद भरते जवळपास एक अश्वशक्ती.

आता जीपच्या बंपरवर बसणारा इलेक्ट्रिक विंच बघा. त्याच्यावर ९,५०० पौंड लिहिलेलं असतं, म्हणजे ४,३०० किलो ओढ. तेवढ्यासाठी ५४ जोड्या लागतील. जोडीपुढे जोडी असे १०८ बैल जुंपले, जोडीला तीनच मीटर जागा दिली, तरी रांग १६२ मीटरची होते. रेल्वेचे सात डबे उभे राहतील एवढी. आणि हे यंत्र दोघं जण सहज उचलतात!

गोम वेगात आहे. पूर्ण बोजावर त्याचा दोर मिनिटाला सव्वा मीटरच्या आसपास सरकतो, बैलांच्या चालीच्या पंचेचाळीसाव्या हिश्शाने. ओढ ५४ पट आणि चाल ४५ पट कमी, म्हणून दोराशी उरते एक अश्वशक्तीहून थोडीच जास्त. दम एकाच जोडीचा. बाकी करामत गिअरची.

एवढ्यासाठी बॅटरीतून उपसा किती? १२ व्होल्टवर सुमारे ४०० अँपिअर, म्हणजे ४,८०० वॉट. तेवढ्यात ५५ वॉटचे ८७ हेडलाइट लागले असते. पैकी दोराला मिळतात साडेआठशे वॉट. उरलेल्या चार हजारांची निव्वळ उष्णता, घरातले दोन गिझर पेटावेत तशी. ७० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर दहा मिनिटं पुरते, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणून थोडं ओढायचं, थांबायचं, हात लावून मोटर निवली का बघायचं.

हायड्रॉलिक विंचचं पाणी वेगळं. ट्रॅक्टरच्या पंपाने मिनिटाला ३० लिटर तेल १५० बार दाबाने ढकललं, तर दर चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोंहून जास्त भार येतो आणि ताकद मिळते दहा अश्वशक्ती. निम्मी वाटेत गेली असं धरलं तरी तोच ४,३०० किलोंचा बोजा मिनिटाला पाच मीटर सरकतो. मोटर तापली म्हणून थांबायला नको. उष्णता तेलच घेऊन जातं.

श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर बॅटरी म्हणजे शेततळं आणि हायड्रॉलिक म्हणजे घोडच्या कालव्याचं आवर्तन. शेततळ्यात पाणी मोजकंच, पण रात्री-अपरात्री आपल्या हातात. कालवा भरभरून वाहतो, पण वरून बंद झाला की चारी कोरडी. ओढ्यात इंजिन बंद पडलेली जीप बॅटरीवर बाहेर येईल. हायड्रॉलिक मात्र इंजिनाबरोबरच मुकं होतं.

मग निवड? चाकाच्या उंचीइतकी रुतलेली गाडी तिच्या वजनाएवढी ओढ मागते, चिखल मडगार्डपर्यंत चढला की दुप्पट. दोन टनांची जीप तेव्हाही चार टनांत निघते. वर्षातून चार वेळा अडणाऱ्याला इलेक्ट्रिक पुरे. ऊसतोडीत मात्र भरलेली ट्रॉली काळ्या रानात आसापर्यंत बसते आणि हे रोजचं होतं. तिथे ट्रॅक्टरचाच पंप कामाला लावावा, ट्रॉलीला कप्पी अडकवून दोर दुहेरी घ्यावा: ओढ दुप्पट, चाल निम्मी.

ताणलेल्या तारेवर ओलं पोतं टाकायला विसरू नये. ५४ जोड्यांची ओढ त्या बोटभर तारेत असते, आणि ती तुटली तर कासरा धरून आवरता येत नाही.