कुठल्या पक्षाची मतपत्रिका?

10 जून 2025, मंगळवार. न्यू जर्सीतलं एडिसन. फायर हाऊसमधले बंब बाहेर काढून उभे केलेत आणि रिकाम्या झालेल्या जागेत आमचं मतदान केंद्र मांडलंय. सकाळी सहाला दार उघडतं. टेबलाशी आम्ही चौघं बोर्ड वर्कर बसलोय, दोघं डेमोक्रॅट आणि दोघं रिपब्लिकन. माझ्यापुढे मतदारयादीचा टॅबलेट आहे.

आज प्रायमरी आहे. नोव्हेंबरात गव्हर्नरपदासाठी कोणत्या पक्षातर्फे कोण उभं राहणार, हे आज ठरायचंय. भारतात तिकीट मुंबई-दिल्लीच्या बैठकांत मिळतं, इथे ते मतदार देतात. डेमोक्रॅटिक तिकिटासाठी सहा जण रिंगणात आहेत, रिपब्लिकन तिकिटासाठी पाच. मात्र एका मतदाराला दोन्हीकडे मत देता येत नाही. त्याची बाजू कोणती, ते यंत्रापाशी जाण्याआधी या टेबलावरच ठरतं.

मतदार नाव-पत्ता सांगतो, स्क्रीनवर सही करतो, मी ती नोंदीतल्या सहीशी ताडून बघते. नावापुढे पक्ष दिसतो. डेमोक्रॅटला डेमोक्रॅटिक मतपत्रिका, रिपब्लिकनला रिपब्लिकन; तिथे विचारण्यासारखं काही नसतं. नावापुढे ‘अनॲफिलिएटेड’ असेल, म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नसेल, तर मात्र मला विचारावं लागतं. राज्यातले साधारण एक तृतीयांश मतदार असेच आहेत.

दहाच्या सुमारास एक मराठी जोडपं येतं. काकांनी सकाळचं फिरणं उरकून थेट इकडेच मोर्चा वळवलेला दिसतो, पायात अजून स्पोर्ट्स शूज आहेत. ते अनॲफिलिएटेड आहेत.

“कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ?”

काका मागे वळून रांगेकडे बघतात. “आपण कुणाचेच नाही बुवा. माणूस बघून मत देतो.”

“आज एक पक्ष सांगावाच लागेल, काका. आणि सांगितलात की तुमचं नाव त्या पक्षात नोंदलं जाईल.”

“म्हणजे मेंबर? वर्गणी वगैरे?”

“वर्गणी नाही, काही नाही. नोव्हेंबरात हवं त्याला मत द्या. पण पुढच्या प्रायमरीला हाच पक्ष राहील. बदलायचा किंवा काढून टाकायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो.”

“मग तूच सांग, कुठला घेऊ?”

ते मला सांगता येत नाही. पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेत, आणि ते नसते तरी सांगता आलं नसतं. काका क्षणभर घुटमळतात आणि एका पक्षाचं नाव घेतात, अगदी हळू, डॉक्टरला दुखणं सांगावं तसं.

काकूंचं उलट आहे. त्यांना कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक आहे. “रिपब्लिकन दे,” त्या म्हणतात. स्क्रीनवर डेमोक्रॅट आहे.

“2016 ला हिलरीसाठी आले होते ना मी!”

“त्याच दिवशी नोंद झाली, काकू. बदलायचं तर प्रायमरीच्या 55 दिवस आधी अर्ज द्यायला हवा होता. यंदाची मुदत 16 एप्रिलला संपली.”

“अगं, एकदा मत दिलं ते नऊ वर्षं चिकटून बसलंय का?”

रांग थांबली आहे. काकू नाराजीनेच डेमोक्रॅटिक मतपत्रिकेला होकार देतात आणि यंत्राच्या पडद्याआड जातात. काकांना, ज्यांनी आजवर काहीच ठरवलं नव्हतं, आज दोन्ही दारं उघडी होती. ठरवून आलेल्या काकूंना एकच.

दुपारी गर्दी ओसरते आणि शेजारचा रिपब्लिकन सहकारी सँडविच सोडता सोडता विषय काढतो. त्याच्या मते आमचा नियम आधीच सैल आहे. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये दार पुरतं बंद आहे : 24 जूनला महापौरपदाची प्रायमरी आहे, पण पक्षात नोंद नसलेल्याला तिथे मतच नाही, आणि यंदासाठी पक्ष बदलण्याची मुदत 14 फेब्रुवारीलाच संपली. “आमचा उमेदवार आम्ही ठरवायचा,” तो म्हणतो, “विरोधकांनी येऊन आमच्यातला पडेल माणूस का निवडावा?” 2000 साली सर्वोच्च न्यायालयानेही पक्षांचंच म्हणणं उचलून धरलं होतं. कॅलिफोर्नियाने प्रत्येक पदासाठी हव्या त्या पक्षातला उमेदवार निवडायची मुभा मतदाराला दिली होती, ती न्यायालयाने रद्द केली.

मी त्याला विस्कॉन्सिनची आठवण करून देते. तिथे मतदारांची पक्षवार नोंदच होत नाही. मतपत्रिकेवर सगळे पक्ष असतात, मतदार आडोशाला जाऊन एक पक्ष निवडतो आणि त्यातल्याच उमेदवारांना मत देतो. दोन पक्षांत मतं विभागली तर ती बाद. व्हर्जिनियातही पक्षवार नोंद नाही, पण तिथे मतपत्रिका मागावी लागते, म्हणजे टेबलावर बोलणं आलंच. शिस्त सगळीकडेच आहे. फरक आहे तो पक्ष कुणासमोर आणि कधी सांगायचा, इतकाच.

संध्याकाळी आठला पाचच मिनिटं उरलेली असताना एक तरुण धावत येतो. गुडघ्यांवर हिरवळीचे डाग, बहुधा लॉन कापून थेट आलाय. अनॲफिलिएटेड. पक्ष विचारताच तो हात वर करतो. “पक्षात नाव नको मला. नोव्हेंबरात येतो.” मी थांबवू शकत नाही. पण ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचं वर्चस्व असतं, तिथे नोव्हेंबरात ठरवायला फारसं काही उरत नाही. खरी निवड जूनमध्येच होऊन गेलेली असते.

आठला दार बंद होतं. यंत्रातून आकड्यांच्या पट्ट्या निघतात. रात्री निकाल कळतो : डेमोक्रॅटांकडून मिकी शेरिल, रिपब्लिकनांकडून जॅक चिॲटरेली. 4 नोव्हेंबरला काकू यातल्या कुणालाही मत देऊ शकतील आणि टेबलावर त्यांना कुणी काही विचारणार नाही. फक्त रिपब्लिकनांकडून कुणी उभं राहावं, हे ठरवताना त्यांचं मत जमेत नव्हतं.