थेट सामन्यांचा मक्ता आणि आपली केबल

केबलची तार एकदाची काढून टाकावी, दरमहा दारात उभ्या राहणाऱ्या वसुलीदाराचा कायमचा निरोप घ्यावा आणि क्रिकेटपासून फुटबॉलपर्यंतचे सारे सामने इंटरनेटवरून पाहावेत, हा विचार अलीकडे मराठी घरांतून इतक्या सहजपणे बोलून दाखवला जातो, की त्यामागची गृहीते कितपत खरी आहेत याची चौकशी करण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. विचार मुळात गैर नाही. कित्येक कुटुंबांना तो लाभदायकही ठरेल. परंतु तार काय किंवा ॲप काय, ही केवळ सामना घरी पोचवण्याची साधने आहेत. कोणता सामना कोणी, कोठे आणि किती मुदतीपर्यंत दाखवावा याचा निर्णय त्याच्या पुष्कळ आधी, क्रीडासंस्थांनी पुकारलेल्या लिलावांत आणि त्यांनी सही केलेल्या करारनाम्यांत होऊन गेलेला असतो. साधन बदलले म्हणून करारनामा बदलत नाही, ही साधी गोष्ट नजरेआड झाल्यामुळेच बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

त्यांतला सर्वांत व्यापक गैरसमज असा, की एका ॲपची वर्गणी भरली म्हणजे सर्व खेळ हाती आले. याची वस्तुस्थिती समजण्यासाठी आयपीएलच्या मक्त्याचा इतिहास पाहणे पुरेसे आहे. २०१७ साली स्टार इंडियाने १६,३४७.५ कोटी रुपयांना पाच हंगामांचे हक्क घेतले, तेव्हा दूरचित्रवाणी आणि इंटरनेट हे दोन्ही एकाच हाती होते. पुढे जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या हंगामांचा लिलाव झाला, त्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाने मोठ्या धूर्तपणाने दोहोंची फाळणी केली: भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना आणि इंटरनेटचे हक्क व्हायाकॉम १८ ने २०,५०० कोटींना उचलले. लिलावाचा हिशेब ४१० सामन्यांचा होता, म्हणजे एकेका सामन्यासाठी दूरचित्रवाणीवाल्याने साडेसत्तावन्न कोटी आणि ॲपवाल्याने पन्नास कोटी मोजले. एकच चेंडू, एकच फटका, पण घरातल्या पडद्यावर तो एका कंपनीकडून यायचा आणि हातातल्या मोबाइलवर तिच्या प्रतिस्पर्ध्याकडून, असा विलक्षण प्रकार दोन हंगाम चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन घराण्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची ॲपे एकत्र होऊन जिओहॉटस्टार अस्तित्वात आले. आता सगळे एका छत्राखाली आले, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला, आणि तो काढावा असे वातावरणही होते.

त्याच वर्षाने हा निष्कर्ष खोटा ठरवला. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी खेळला; त्यांचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण सोनीच्या क्रीडावाहिन्यांवर होते, तर इंटरनेटवरचे जिओहॉटस्टारवर. म्हणजे सामना दूरचित्रवाणीवर दिसतो त्याच कंपनीच्या ॲपवरही तो असेल, हा अंदाजसुद्धा येथे चुकीचा ठरला. महिना लोटतो न लोटतो तोच सप्टेंबरमध्ये आशिया चषक आला, आणि त्यासाठी ॲपवाल्यांनाही सोनीच्या दारी जावे लागले. उलट बाजूचेही उदाहरण आहे. फॉर्म्युला वनच्या शर्यती २०२४ पासून भारतात फॅनकोड या ॲपवर दाखवल्या जाऊ लागल्या. ज्याला त्या पाहायच्या होत्या, त्याने केबलच्या कितीही वाहिन्या घेतल्या तरी उपयोग नव्हता. तात्पर्य, केबल सोडण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम वर्षभरात आपण खरोखर कोणते सामने पाहतो याची यादी करावी आणि मग त्या प्रत्येकाचा मक्ता सध्या कोणाकडे आहे हे पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे. परंतु मक्त्यांच्या मुदती संपत आणि हात बदलत राहतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या यादीवर या वर्षी विसंबता येत नाही.

दुसरा समज खर्चाविषयीचा. २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत आयपीएल जिओसिनेमावर विनामूल्य दिसले, आणि मोफत मिळालेल्या वस्तूची सवय जितक्या लवकर लागते तितक्या लवकर ती सुटत नाही. त्यामुळे इंटरनेटवरचे क्रिकेट फुकटच असते, अशी एक भावना रूढ झाली. वास्तविक ते फुकटपण म्हणजे ग्राहक जमवण्यासाठी मक्तेदाराने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च होता. २०२५ च्या हंगामासाठी वर्गणी आली, जरी काही मोबाइल रिचार्जांबरोबर ती जोडून मिळत होती. त्या वेळच्या दरपत्रकातली एक मेख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: तीन महिन्यांसाठी १४९ रुपयांची सर्वांत स्वस्त वर्गणी एका मोबाइलपुरतीच होती, दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर पाहायचे तर त्याच मुदतीचे २९९ रुपये मोजणे प्राप्त होते. आणखी वर चढून ‘जाहिरातमुक्त’ म्हणवणारी वर्गणी घेतली, तरी थेट सामन्यांतल्या जाहिराती टळत नाहीत, कारण ती सवलत मालिका-चित्रपटांपुरती असते. जाहिरातींना कंटाळून केबल सोडणाऱ्याच्या पदरी येथे निराशाच येईल.

याउलट केबल म्हणजे नको असलेल्या दोनशे वाहिन्यांचा भुर्दंड, हेही आता पूर्णांशाने खरे राहिलेले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली, तेव्हापासून ग्राहकाला एकेक वाहिनी निवडून घेण्याचा हक्क आहे. त्या वेळी पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी वहनशुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये अधिक कर अशी ठरवण्यात आली होती, आणि स्टार स्पोर्ट्स १ सारख्या वाहिनीची सुटी किंमत महिन्याला १९ रुपये होती. पुढे हे नियम अनेकदा बदलले आणि २०२४ मध्ये वहनशुल्कावरची मर्यादाही उठवण्यात आली. तथापि सुट्या वाहिन्या मागण्याचा हक्क कायम आहे. तो बजावणारे ग्राहक विरळा, कारण केबलवाला पॅकेजचा कागद पुढे करतो आणि आपण त्यावर मान डोलावतो.

आता ‘थेट’ या विशेषणाकडे वळू. इंटरनेटवरून येणारा सामना आणि तारेवरून येणारा सामना एकाच क्षणी दिसतो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रक्षेपणाचे तंत्र पाहिले म्हणजे तसे का होऊ शकत नाही हे ध्यानात येते. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असला, तरी तेथे जाऊन परत येण्यास संदेशाला केवळ पाव सेकंद लागतो. संकेतन आणि विसंकेतन यांचा वेळ धरला तरी केबल किंवा डिश काही सेकंदांनीच मागे असते. स्ट्रीमिंगची रीत निराळी आहे. चित्राचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे करून ते निरनिराळ्या शहरांतल्या संगणकांवर ठेवले जातात, आणि आपले ॲप ते तुकडे एकामागून एक मागवून घेते. मध्येच खंड पडू नये म्हणून दोन-तीन तुकडे आगाऊ साठवल्याशिवाय ते चित्र दाखवण्यास आरंभच करत नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीत हा तुकडा साधारणतः सहा सेकंदांचा धरलेला आहे, म्हणजे साठवणीतच पंधरा-वीस सेकंद जातात, आणि इतर विलंब मिळवून एकूण अंतर सहज अर्ध्या मिनिटापर्यंत पोचते. विलंब कमी करणाऱ्या नव्या पद्धती निघाल्या आहेत, परंतु साठवण जितकी कमी तितका अडखळण्याचा धोका अधिक. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ओव्हलवर सिराजने अॅटकिन्सनचा त्रिफळा उडवून भारताला सहा धावांनी विजय मिळवून दिला, तो क्षण ॲपवर पाहणाऱ्यांपैकी अनेकांना आधी शेजारच्या घरातून ऐकू आला असेल, यात नवल नाही. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या रहिवाशाने हा दोष अवश्य जमेस धरावा. एकाकी बंगल्यात राहणाऱ्याला त्याचे काहीच नाही.

सामना ऐन रंगात असताना चित्र अडखळते, त्याचे खापर मात्र सरसकट आपल्या जोडणीच्या वेगावर फोडले जाते. केबलचे किंवा उपग्रहाचे प्रक्षेपण ही दवंडी आहे. ऐकणारे दहा असोत की दहा कोटी, पिटणाऱ्याचे श्रम तेवढेच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक घरी स्वतंत्र चिठ्ठी पोचवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी पाहणाऱ्यांचा आकडा ५.९ कोटींपर्यंत गेला होता, आणि इतक्या चिठ्ठ्या एका क्षणी वाटणे हे खरोखरच थोर अभियांत्रिकी कर्तृत्व आहे. पण त्या वाटेवर आपल्या राउटरखेरीज इतरही अनेक ठिकाणी कोंडी होऊ शकते. घरातल्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला पाच मेगाबिट स्थिरपणे मिळाले तरी काम भागते. शंभराची जोडणी घेऊन ती भिंतीआडच्या दुबळ्या वायफायवरून वापरण्यापेक्षा चाळीसची जोडणी तारेने टीव्हीला लावलेली बरी. त्याच पाच मेगाबिटच्या दराने हिशेब केला तर तासाला सव्वादोन जीबी, चार तासांच्या टी-ट्वेंटी सामन्याला नऊ जीबी आणि सहा तासांच्या कसोटीच्या दिवसाला साडेतेरा जीबी खर्ची पडतात. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर टीव्ही चालवण्याची ज्यांची योजना असेल, त्यांचा डेटा पहिल्या डावाच्या मध्यालाच संपेल.

सर्वांत गुंतागुंतीचा गैरसमज दूरदर्शनविषयी आहे. काही झाले तरी भारताचे सामने दूरदर्शनवर फुकट दिसतातच, असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी एक मोठी कायदेशीर परंपरा आहे. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात तंटा झाला, त्याचा निकाल देताना १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी नसल्याचे ठरवले. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे जानेवारी २००७ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेच्या वेळी मक्तेदार वाहिनीने दूरदर्शनला थेट चित्र देण्याचे नाकारले आणि मामला दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा सात मिनिटे उशिराने प्रक्षेपण करण्याची तडजोड निघाली. लगेच फेब्रुवारीत वटहुकूम आला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या स्पर्धांचे थेट चित्र मक्तेदाराने प्रसार भारतीला दिलेच पाहिजे, आणि त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न ७५ व २५ टक्के असे वाटून घ्यावे, हे त्याचे सार.

मात्र या कायद्याच्या कक्षेला दोन मर्यादा आहेत. अधिसूचित स्पर्धांच्या यादीत भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाचे उपांत्य व अंतिम सामने अशा गोष्टी येतात. कसोटी सरकारला महत्त्वाची वाटेल तीच, आणि आयपीएल मुळीच नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की मक्तेदाराकडून घेतलेले चित्र प्रसार भारतीने आपल्या भूस्थित प्रक्षेपणावर आणि आपल्या डिशवरच दाखवावे. खासगी केबलवाल्यांच्या जाळ्यात ते जाऊ देऊ नये. म्हणून केबलवर दूरदर्शन लावून सामना शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि इंटरनेटवर तो फुकट मिळावा अशी तजवीज या कायद्यात नाही. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी व बॉक्स एकदाच विकत घ्यावे लागतात, मासिक वर्गणी नसते. केबल सोडून ॲप घेणाऱ्या क्रिकेटवेड्याने गच्चीवर ही तबकडी बसवून ठेवली, तर इंटरनेट बंद पडलेल्या दिवशीही भारताचा एकदिवसीय सामना चुकणार नाही. मुसळधार पावसात तिचे चित्र फुटते, एवढी मात्र तयारी ठेवावी.

केबल सोडली की केबलवाल्याशी संबंध संपला, ही कल्पनाही बऱ्याच गावांत फसवी ठरते, कारण तेथे घरापर्यंत ब्रॉडबँडची तार ओढणारा इसम तोच असतो. फरक इतकाच, की पूर्वी त्याच्याकडे टीव्हीची तक्रार जायची, आता राउटरची जाते.

या साऱ्या गणितात एक जमेची बाजू सहसा कोणी मोजत नाही. ॲपवर भाषा निवडता येते. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिले, त्यात मराठी होती. त्या मराठी समालोचकांतला केदार जाधव हंगामाच्या मध्यावर बंगळूरच्या संघात बोलावला गेला आणि माइक ठेवून थेट मैदानात उतरला. मायबोलीत सामना ऐकण्याचे सुख ज्याला कळले, त्याला अर्ध्या मिनिटाचा विलंब फारसा जाचक वाटणार नाही, असे माझे मत आहे.

राहता राहिले परदेशी जाणारे. वर्गणी माणसाची असते, पण हक्क प्रदेशाचा असतो. पुण्यात पैसे भरलेले ॲप न्यू जर्सीत उघडले तरी सामना दिसेलच असे नाही, कारण २०२२ च्या त्याच लिलावात अमेरिकेतले आयपीएलचे हक्क निराळे काढून टाइम्स इंटरनेटला दिले गेले आणि तेथे ते सामने विलो या वाहिनीवर दिसतात. तेव्हा मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्या आईवडिलांनी निघण्यापूर्वी येथली वार्षिक वर्गणी भरू नये, आणि सूनबाईंना फोनवर एवढेच विचारून घ्यावे, की घरी विलो आहे का.